रंगावरून सिक्लिड ओळखू नका

संपादक महोदय,



घरच्या मत्स्यटाकीवरचा लेख वाचला. आफ्रिकन सिक्लिड मासे रंगावरून सहज ओळखता येतात, हे त्यातले विधान नवशिक्याला गोत्यात आणणारे आहे. मलावी सरोवरातला ऑरेटस घ्या. पिल्ले आणि मादी सोनेरी पिवळी, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळे पट्टे. नर वयात आला की चित्र उलटते: अंग काळपट, पट्टे फिकट. पाहणाऱ्याला दोन निराळ्या जाती वाटाव्यात! पोटाखालच्या मागच्या परावर अंड्यासारखे ठिपके दिसले म्हणजे नर, हेही खात्रीचे नाही. अनेक जातींत ते मादीलाही असतात. जात ओळखायला तोंडाची ठेवण, पट्ट्यांची दिशा आणि मासा मुळात कुठल्या सरोवरातला, हे पाहावे लागते. ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून पिशवीतून आलेल्या संकराला नाव देण्याच्या फंदात तर पडूच नये.

लेखातला ‘एक जोडी ठेवा’ हा सल्ला मात्र ऑरेटससारख्या माशांसाठी सरळ घातक आहे. एकट्या मादीला नर हैराण करून मारतो. एका नरामागे तीन-चार माद्या आणि लपायला दगडांच्या कपारी हव्यात. मादी अंडी-पिल्ले सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळते, त्या काळात जवळजवळ उपाशी असते.

लेखात पाण्याचा उल्लेखच नाही. या माशांना पीएच 7.8 ते 8.6 असलेले जड पाणी लागते. मुंबई-पुण्यातले नळाचे पाणी मृदू. म्हणून फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा घालावा.

पुढच्या अंकात निदान जोडीबद्दलची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे