फिकट टायरला पेट्रोल लावू नका

भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनला सायकल नेणाऱ्यांना एक विनंती. घरी आल्यावर टायरच्या बदामी किंवा पांढऱ्या बाजू काळवंडलेल्या दिसल्या, तर पेट्रोल, रॉकेल किंवा थिनरचा बोळा हातात घेऊ नका. डाग पटकन जातो, पण रबर फुगते, मऊ पडते आणि पुढे त्याला चिरा जातात.

रस्त्याला टेकणाऱ्या भागावर जाड रबर असते. बाजूला आतल्या धाग्यांवर त्याचा पातळ थरच असतो, आणि हलक्या, महाग टायरांत तर तो अगदीच पातळ. काळ्या रबरातली काजळी उन्हापासून त्याचे रक्षण करते; फिकट रबराला तो आधार नाही. म्हणूनच सायकल दिवसभर गॅलरीच्या उन्हात उभी करू नका.

धुण्याआधी नुसते पाणी ओतून रेती वाहून जाऊ द्या. वाळलेला चिखल तसाच घासला तर रेती पॉलिश पेपरसारखी रबर खाते. मग भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब बादलीभर पाण्यात टाका आणि जुन्या मऊ टूथब्रशने, वीतभर भाग घेत, हलक्या हाताने घासा. स्वच्छ पाण्याने धुवा, सुती फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. तारेची घासणी आणि ब्लीच नकोच. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने बेअरिंगमध्ये पाणी शिरते, तोही टाळा.

रीमवर ब्रेक लागणाऱ्या सायकलींत बराचसा काळेपणा रस्त्याचा नसतोच. ब्रेकचे रबर ॲल्युमिनियमच्या रीमवर घासून काळी भुकटी होते आणि पावसात ती टायरवर उतरते. तेव्हा आधी रीम पुसा. चेनला ऑइल घातल्यावर जास्तीचे फडक्याने टिपून घ्या, नाहीतर ते उजव्या बाजूला उडते.

सर्वांत कळकळीने सांगायचे ते टायर चमकवणाऱ्या पॉलिशबद्दल. त्यातले सिलिकॉन रीमवर गेले तर ब्रेक लागत नाही आणि टायरच्या नक्षीवर गेले तर वळणावर चाक घसरते. घोडबंदर रस्त्याच्या वाहतुकीत हा धोका पत्करू नका.

जुना पिवळट डाग राहिला तर राहू द्या. मात्र बाजूला फुगवटा आला असेल किंवा धागे दिसत असतील, तर धुणे थांबवा आणि टायर बदला.