कुंभारणीचें बिऱ्हाड

हिंगोली-वाशीम रस्त्यावरील कनेरगांव नाका येथील एका भगिनीनें घरांतील एक तंटा आमच्याकडे निवाड्यासाठीं पाठविला आहे. त्यांची नऊ वर्षांची कन्या पावसाळा लागल्यापासून न्हाणीमागच्या ओलाव्यांत गोगलगाई शोधते, काड्यापेटींत मृगाचे किडे ठेवते, आणि कोळ्याचें जाळें झाडण्यास कोणी केरसुणी उचलली कीं रडूं लागते. सासूबाई म्हणतात, हा नाद घाणेरडा. मामंजी म्हणतात, मुलीचें लक्ष अभ्यासांत राहणार नाहीं. खरा तंटा पेटला तो देवघराच्या चौकटीवरील मातीच्या एका ढेंकळावरून. सासूबाईंना तें खरवडून काढावयाचें आहे. मुलगी म्हणते, आंत कोणी तरी आहे.

मुलीचें म्हणणें खरें आहे. तें ढेंकूळ म्हणजे कुंभारीण माशीचें बाळंतघर. काळ्या अंगाची, पिवळ्या पायांची, सुतासारख्या कंबरेची ही माशी ओल्या मातीच्या गोळ्या तोंडांत धरून आणते आणि नळीसारखी एकेक कोठडी बांधते. मग ती शिकारीस निघते. सांपडलेल्या कोळ्याला ती नांगी मारते, पण ठार करीत नाहीं. नुसता लुळा करते. मेलेला कोळी कुजला असता; लुळा कोळी ताजा राहतो. अशा कोळ्यांनीं कोठडी भरली, आंत एक अंडें घातलें, कीं ती दार लिंपून टाकते व पुढची कोठडी बांधावयास घेते. अंड्यांतून निघालेली अळी तो शिधा खाऊन वाढते, कोश विणते, आणि पंख फुटल्यावर माती कुरतडून बाहेर पडते. आईची व लेकराची भेट बहुधा होतच नाहीं. हिचीच एक चुलत बहीण बोराएवढें गोल मडकें घडविते. ती कोळ्यांऐवजीं अळ्या भरते आणि आपलें अंडें मडक्याच्या छताला धाग्यानें टांगते.

मामंजींना येथें भ्रमरकीटन्याय आठवेल. भ्रमर अळीला मातींत कोंडतो, ती भयानें त्याचेंच ध्यान करते, आणि अखेर भ्रमरच होऊन बाहेर येते, असा तो दृष्टान्त. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूताच्या चोवीस गुरूंमध्यें हा कीटक आहे, कोळीही आहे; म्हणजे एकनाथी भागवत वाचणाऱ्या घरांत या मंडळींची ओळख जुनीच. वेदान्त्यानें त्यांतून आपल्यापुरतें जें घ्यावयाचें तें घेतलें, त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. आम्हांस कौतुक वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. ज्यानें हा दृष्टान्त प्रथम सांगितला त्यानें अळी आंत जातांना पाहिली असली पाहिजे, आणि माशी बाहेर येतांनाही. मधले दिवस तेवढे मातीआड राहिले. फ्रान्समध्यें झां आंरी फाब्र (१८२३–१९१५) या गरीब शिक्षकानें ते मधले दिवस पाहिले. मडकीं उघडलीं, आंतल्या अळ्या वाढविल्या, आणि घराभोंवतालच्या कीटकांवरील त्याचे दहा खंड १८७९ ते १९०७ या काळांत निघाले. त्याजपाशीं मोठी प्रयोगशाळा नव्हती. होती ती तासन्‌तास बसून राहण्याची तयारी. आणि ती या मुलीपाशीं आहे, असें आईच्या पत्रावरून दिसतें.

तेव्हां आमचा निवाडा असा. ढेंकळाला वाटोळें भोंक पडलेलें असेल तर बिऱ्हाड रिकामें झालें. सासूबाईंनीं खुशाल खरवडावें. तोंड लिंपलेलें असेल तर राहूं द्यावें, त्यावर मलमलीचा तुकडा सैलसा चिकटवावा, आणि मुलीनें रोज पाहून वहींत तारखेसह टिपून ठेवावें. बाहेर आलेली माशी सोडून द्यावी. ती आपण होऊन सहसा अंगावर येत नाहीं. मुठींत धरली तर मात्र डंख मारील. अभ्यासाची चिंता मामंजींनीं करूं नये. रोज नेमानें पाहून नेमकें लिहिणें याहून दुसरा अभ्यास कोणता?

मृगाचे किडे काड्यापेटींत कोंडूं नयेत. हा लाल मखमली जीव पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस जमिनीवर दिसतो. त्याचे पाय मोजावयास सांगा, आठ भरतील; म्हणजे नांवाचा किडा असला तरी तो कोळ्या-विंचवांच्या गोत्रांतला. विंचवावरून आठवलें: दगड उलथावयाचा तो काठीनें, आणि मोठें माणूस जवळ असतांना. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या जिवावर बेततो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून पुष्कळ जीव वांचले. पण त्यासाठीं मंत्र-उताऱ्यांत वेळ न दवडतां दवाखाना गांठावा लागतो.

गोगलगाईंच्या बाबतींत मात्र आम्ही सासूबाईंच्या बाजूचे. बिनशंखाची असेल तर ती पालेभाजीचे कोंभ खाते, तेवढ्यानें घर बुडत नाहीं. परंतु मोठ्या, उभट, तपकिरी पट्ट्यांच्या शंखाची असेल तर ती आफ्रिकेची. बेन्सन नांवाच्या एका शंखशौकीन साहेबानें १८४७ सालीं मॉरिशसहून आणलेल्या या गोगलगाई कलकत्त्यांत चौरंगीच्या बागेंत सुटल्या. कौतुकाचाच तो उद्योग! २०२२ च्या पावसाळ्यांत त्यांच्या वंशजांनीं लातूर, बीड व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या जिल्ह्यांत सोयाबीनचीं कोंवळीं रोपें शेतेंच्या शेतें खाऊन टाकलीं. प्रत्येक गोगलगाय नर व मादी दोन्ही असते, आणि एका खेपेस शंभराच्या वर अंडीं घालूं शकते. सायंकाळीं ओलीं गोणपाटें पसरून ठेवावीं, सकाळीं त्यांखालीं जमलेल्या गोगलगाई चिमट्यानें उचलून मिठाच्या पाण्यांत टाकाव्या. उघड्या हातानें त्यांस शिवूं नये, आणि काम झाल्यावर मुलीचे हात साबणानें धुववावे.