कप्तान होता, पण करार नव्हता



पूर्व लंडनमधल्या ग्रीन स्ट्रीटला आपल्यापैकी बहुतेकांचे जाणे-येणे असते. लग्नाची खरेदी, मे महिन्यातल्या हापूसच्या पेट्या, वडीसाठी अळूची पाने. हा रस्ता बार्किंग रोडला मिळतो त्या नाक्यावर चार फुटबॉलपटूंचा एक ब्राँझचा पुतळा आहे. हातात पिशव्या असल्या की माणूस पुतळे बघत नाही, त्यामुळे त्यातले कोण कोण आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसते.

१९६६ च्या विश्वचषकानंतर वेम्बलीवर टिपलेल्या प्रसिद्ध छायाचित्रावरून हा पुतळा २००३ मध्ये उभारला. खांद्यांवर उचलून घेतलेला, चषक उंचावणारा तो इंग्लंडचा कप्तान बॉबी मूर. त्याला उचलणाऱ्या दोघांपैकी एक जेफ हर्स्ट, आणि शेजारी मार्टिन पीटर्स. हे तिघेही वेस्ट हॅम युनायटेडचे. चौथा रे विल्सन एव्हर्टनचा, म्हणजे या मोहल्ल्यात पाहुणाच. येत्या ३० जुलैला त्या विजयाला साठ वर्षे पूर्ण होतील, म्हणून या अंकात थोडे त्यांच्याविषयी.

पश्चिम जर्मनीविरुद्धचा अंतिम सामना इंग्लंडने ४-२ असा जिंकला. त्या चारपैकी तीन गोल हर्स्टचे आणि एक पीटर्सचा. हर्स्टचा पहिला गोल मूरने झटकन घेतलेल्या फ्री किकवर, आणि अखेरच्या मिनिटातला त्याचा तिसरा गोल मूरच्याच लांब पासवर. विश्वचषक वेस्ट हॅमने जिंकला, असे पूर्व लंडनमधली जुनी मंडळी म्हणतात. त्यात थट्टा अर्धीच. गंमत म्हणजे त्याच मोसमात लीगमध्ये हा क्लब बाराव्या क्रमांकावर होता!

मग हे तिघे तयार कसे झाले? क्लबचे मूळ १८९५ चे, थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याच्या कामगारांच्या संघातले. म्हणून बोधचिन्हात आजही दोन हातोडे आहेत. मूर बार्किंगचा, पीटर्स प्लेस्टोचा, म्हणजे दोघेही बसच्या अंतरावरची पोरे. पन्नासच्या दशकात इथले खेळाडू सरावानंतर बार्किंग रोडवरच्या कासेटारींच्या कॅफेत बसत आणि मीठ-मिरपुडीच्या बाटल्या टेबलावर सरकवून डावपेचांवर वाद घालत. त्यात पुढाकार माल्कम अ‍ॅलिसनचा. क्षयाने त्याचे एक फुप्फुस गेले, तरी तो परत खेळायची जिद्द धरून होता. कोवळ्या मूरला त्यानेच शिकवले, आणि सप्टेंबर १९५८ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध अ‍ॅलिसन की मूर असा प्रश्न आला तेव्हा जागा सतरा वर्षांच्या मूरला मिळाली. अ‍ॅलिसनला त्या दिवशी काय वाटले असेल, ते कुठल्याही गुरूला विचारावे.

पुढे रॉन ग्रीनवूड प्रशिक्षक झाले. जवळच्या खांबाकडच्या मोकळ्या जागेत चेंडू आधी टाकायचा आणि आपल्या माणसाने बचावपटूच्या आधी तिथे पोहोचायचे, हे त्यांनी क्लबमध्ये घोटून घेतले. विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध पीटर्सने चेंडू तसाच टाकला आणि हर्स्टने डोक्याने गोल केला. जिमी ग्रीव्हज जखमी झाल्याने हर्स्टला त्या सामन्यात जागा मिळाली होती. (क्रिकेटवाल्यांसाठी: हाच हर्स्ट १९६२ मध्ये एसेक्सकडून एक प्रथम श्रेणी सामना खेळला. दोन डाव, धावा शून्य. फुटबॉलकडे वळला ते बरेच झाले.)

मूरची गोष्ट मात्र नुसत्या कौशल्याची नाही. १९६४ च्या अखेरीस त्याच्यावर वृषणाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि ती गोष्ट बाहेर फुटू दिली नाही. काही महिन्यांतच, मे १९६५ मध्ये, त्याने वेस्ट हॅमसाठी युरोपियन कप विनर्स कप उचलला. विश्वचषकाच्या तोंडावर वेगळाच पेच पडला. त्याला टॉटनहॅमला जायचे होते, नवा करार अडला होता आणि जुना ३० जूनला संपला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ज्याची कुठल्याच क्लबशी नोंदणी नाही, त्याला इंग्लंडकडून खेळता येत नसे. विश्वचषक दारात, आणि यजमानांचा कप्तान कागदोपत्री बेकार. अखेर इंग्लंडचे प्रशिक्षक अल्फ रॅम्झींनी ग्रीनवूडना संघाच्या हॉटेलवर बोलावून घेतले आणि मूरने महिनाभराच्या तात्पुरत्या करारावर सही केली.

मला या साऱ्या इतिहासात हा कागद सर्वांत महत्त्वाचा वाटतो. देशाच्या संघाची वाट क्लबच्या दारातून जाते. माटुंग्याच्या दादर युनियनने माधव मंत्री, गावस्कर, वेंगसरकर दिले हे आपण अभिमानाने सांगतो, पण ते क्रिकेटपुरतेच. आपली इथली मुले शाळेत, बागेत, गल्लीत फुटबॉलच खेळतात. त्यांच्यासाठी आपण काय केले? क्रिकेटची किट हौसेने घेतो, भारताचा सामना असला की सभागृहात पडदा लावतो, आणि पोराने फुटबॉलचे नाव काढले की ‘इलेव्हन प्लस’ प्रवेशपरीक्षेची आठवण करून देतो.

मोठेपणी खेळायचे तर कुठल्या देशाकडून, हा प्रश्न काही पालक आत्ताच विचारतात. लेस्टर सिटीत घडलेला, इंग्लंडच्या एकवीस वर्षांखालील संघातून खेळलेला हम्झा चौधरी मार्च २०२५ मध्ये शिलाँगला भारताविरुद्ध बांगलादेशकडून उतरला. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, त्यामुळे ब्रिटिश पासपोर्टच्या आपल्या मुलांना भारताकडून खेळण्याची वाट तशी खुली नाही. पण दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही चिंता म्हणजे बाजारात तुरी. आधी त्याला रविवारी खेळायला तरी मिळू दे.

आणि अडचण नेमकी तिथेच, आपल्याकडूनच आहे. इथले मुलांचे सामने बहुतेक रविवारी सकाळी असतात. आपली मराठी शाळाही रविवारी सकाळीच. मग एकतर सामना बुडतो, नाहीतर बाराखडी. काही मुले दोन वर्षांत शाळा सोडून गेली, त्यांच्या आयांनी कारण स्पष्ट सांगितले आहे.

म्हणून शाळा शनिवारी दुपारी भरवावी असा ठराव वार्षिक सभेत मांडला जाईल. शनिवारी दुपारचे सभागृहाचे भाडे जास्त आहे, असे खजिनदारांनी आधीच बजावले आहे, आणि दोन शिक्षिकांना शनिवार जमणार नाही. त्यांच्या जागी शिकवायला तयार असणाऱ्यांनी सभेपूर्वी कार्यवाहांना कळवावे.