मुक्या रुग्णाचे बिल

पार्वो झालेल्या पिल्लाला वाचवायला पाच ते सात दिवस झुंजावे लागते. हा विषाणू आतड्याचे अस्तर उद्ध्वस्त करतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवतो आणि उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी काढून घेतो. डॉक्टर सलाईन लावतात, उलटी थांबवतात, प्रतिजैविके देतात आणि पिल्लाच्या शरीराला लढायला वेळ मिळवून देतात. मुंबई-पुण्यातल्या खासगी दवाखान्यात त्या आठवड्याचे बिल दहा-पंधरा हजारांवर थांबले तर नशीब. ते तीस हजारांवरही जाते. हा रोग टाळणारी लस, सोबतच्या आणखी काही रोगांसह, एका टोचणीला साधारण हजार रुपयांच्या आसपास पडते आणि पिल्लाला सुरुवातीच्या महिन्यांत अशा दोन-तीन टोचण्या लागतात. या दोन रकमांमधल्या अंतरात आपल्या शहरांतली पिल्ले मरतात. त्यातली बरीचशी अशा घरांत मरतात, जिथे लसीची छोटी रक्कमही वेळेवर बाजूला निघालेली नसते.

हौसेला मोल नसते, मग खर्चाचे रडगाणे कशाला, असे यावर हटकून ऐकवले जाते. ते बोलणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वातानुकूलित गाडीच्या खिडकीतून डोकावणारे लॅब्रेडॉर असते. पण कुत्री-मांजरे तेवढ्याच घरांत राहत नाहीत. चाळीच्या जिन्याखाली वाढलेली आणि तीन बिऱ्हाडांनी मिळून सांभाळलेली मांजर असते. सोसायटीच्या रखवालदाराने पावसात उचलून आणलेले देशी पिल्लू असते. मुले परदेशी गेल्यावर निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या आजींच्या घरात बोलायला कुत्र्या-मांजराशिवाय दुसरे कोणी नसते. धनगराच्या कळपामागे आणि शेतातल्या वस्तीवर राखणीला कुत्रे असते. ते तर कामच करते. या सगळ्यांना हौशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. महिन्याला पंचवीस हजार कमावणाऱ्या घरावर अचानक वीस हजारांचे बिल येते, तेव्हा ते घर हौसेचा हिशेब करत नसते. मुलाच्या शाळेची फी की दारातल्या जिवाचे सलाईन, असा निर्णय त्याला दवाखान्याच्या बाकड्यावर बसून, पाच मिनिटांत करावा लागतो.

डॉक्टर लुटतात, हे या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर आहे आणि ते बहुतांशी चुकीचे आहे. साडेपाच वर्षांची पशुवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण शहरात दवाखाना थाटतो, तेव्हा जागेचे भाडे त्याला माणसांच्या डॉक्टराइतकेच पडते. रक्त तपासण्याचे यंत्र, एक्स-रे, सोनोग्राफी, भूल देण्याची साधने यांच्या किमती रुग्ण चार पायांचा आहे म्हणून कमी होत नाहीत. उलट अडचणी वाढतात. कुठे दुखते ते रुग्ण सांगत नाही, म्हणून तपासण्या जास्त लागतात. एक्स-रेसाठी तो स्थिर पडून राहत नाही, म्हणून कधी गुंगीचे औषध द्यावे लागते. एकाच माणसाला फिजिशियन, सर्जन, दंतवैद्य, भूलतज्ज्ञ आणि अनेकदा औषधविक्रेताही व्हावे लागते. आणि माणसांच्या आरोग्यसेवेत खर्चाचा मोठा वाटा उचलणारे सरकारी रुग्णालय, विमा, नोकरीच्या ठिकाणची वैद्यकीय सवलत यांपैकी जवळपास काहीच इथे नसते. सगळे ओझे रोख रकमेत आणि एकाच खिशावर पडते. माणसांच्या रुग्णालयाचे पूर्ण, विनाअनुदान बिल आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेलेच नाही. पशुवैद्याच्या टेबलावर ते पहिल्यांदा दिसते, म्हणून ते इतके बोचते.

खरी हानी होते ती मात्र उशिराने. मोठ्या बिलांच्या मुळाशी गेले तर बहुतेक वेळा एक छोटे, टळलेले बिल सापडते. गोचीड ताप घ्या. गोचिडींतून पसरणाऱ्या एर्लिकिओसिसवर डॉक्सिसायक्लिन चालते, आणि हे माणसांच्या औषधाच्या दुकानातही मिळणारे, अगदी स्वस्त औषध आहे. चार आठवड्यांच्या गोळ्यांचा खर्च सामान्य घराला झेपतो. पण कुत्रे सुस्त आहे, जेवत नाही, उन्हामुळे असेल, असे म्हणत दोन आठवडे काढले की प्लेटलेट्स कोसळतात, नाकातून रक्त येते, आणि मग रक्त चढवण्यासाठी रक्तदाता कुत्रा शोधत व्हॉट्सॲपवर आवाहने फिरू लागतात. मादीची नसबंदी काही हजारांत होते, आणि ती झाली नाही तर उतारवयात माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू साठण्याचा धोका असतो. पायोमेट्रा नावाच्या त्या अवस्थेत विषबाधा झालेल्या, अशक्त जनावरावर रातोरात तीच शस्त्रक्रिया कितीतरी पट खर्चात आणि कितीतरी पट जोखमीने करावी लागते. बोक्याची लघवी तुंबते, तो वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार जाऊन बसतो, आणि घरच्यांना वाटते की पोट बिघडले आहे. दोन-तीन दिवस गेले तर तो हाती लागत नाही. या घरांत प्रेम कमी असते असे मुळीच नाही. दवाखान्याची पायरी चढली की किती जातील हे माहीत नसते, आणि त्या अनिश्चिततेच्या भीतीने लोक थांबतात. भीतीने घालवलेला एकेक दिवस बिलात भर घालत जातो.

म्हणून पहिली मागणी साधी आहे. दर आधी कळले पाहिजेत. तपासणी शुल्क, प्रत्येक लस, नसबंदी, एक्स-रे, रक्ततपासणी, एका दिवसाचे दाखल शुल्क यांचा फलक दवाखान्याच्या दर्शनी भागात असावा आणि मोठ्या उपचाराआधी खर्चाचा लेखी अंदाज मिळावा. माणसांच्या शुश्रूषागृहांनी दरपत्रक लावावे हे राज्याने नियमाने ठरवून दिलेच आहे. पशुवैद्यकांच्या नोंदणीचे काम पाहणाऱ्या राज्य पशुवैद्यक परिषदेने त्याच धर्तीवर पाऊल टाकायला हरकत कसली? चांगल्या डॉक्टरांना याचा तोटा नाही. त्यांची निम्मी ऊर्जा आज पैशांच्या वादांत जाते आणि ऐन आणीबाणीत संतापलेल्या मालकाला तोंड देताना त्यांनाही काही कमी मनस्ताप होत नाही.

दरांच्या पारदर्शकतेची घाई आताच का, हे ब्रिटनकडे पाहिले की कळते. तिथे २०१३ मध्ये सुमारे १० टक्के पशुवैद्यकीय दवाखाने मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे होते. दहा वर्षांत ते प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात गेले. तिथल्या स्पर्धा नियामकाने चौकशी केली तेव्हा २०१६ ते २०२३ या काळात दर सरासरी ६३ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने दरपत्रक जाहीर करणे, खर्चाचा लेखी अंदाज देणे, दवाखाना कोणत्या समूहाचा आहे हे सांगणे असे उपाय सुचवले. आपल्याकडे साखळी दवाखान्यांची सुरुवात नुकती होते आहे. गुंतवणूकदारांचा पैसा या क्षेत्रात येऊ लागला आहे, आणि त्याबरोबर चांगली साधने, चोवीस तासांची सेवा, विशेषज्ञ हेही येतील. ते हवेच आहे. पण नियम आधी आणि साखळ्या नंतर आल्या तर ग्राहकाला बळ राहते. क्रम उलटा झाला की नियामकाला वर्षानुवर्षे मागे धावावे लागते.

विम्याबद्दल फार आशा बाळगण्यात अर्थ नाही. गेल्या काही वर्षांत खासगी कंपन्यांनी पाळीव कुत्र्यांच्या पॉलिसी आणल्या आहेत, पण वयाच्या अटी, आधीपासूनचे आजार वगळणे, लसीकरणाच्या नोंदी, काही ठिकाणी मायक्रोचिप अशा चाळण्यांतून जे उरते ते नीट कागदपत्रे सांभाळणाऱ्या घरांच्या कामाचे आहे. जिन्याखालच्या मांजरीचा विमा कोणी काढणार नाही.

तिच्यासाठी हवा तो सार्वजनिक दवाखाना. इथे महाराष्ट्राची कामगिरी आपल्या इतिहासाला शोभणारी नाही. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून परळला प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले ते १८८३ मध्ये. त्याला त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव आहे. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर एवढ्या मोठ्या प्रमाणावर लहान प्राण्यांसाठी मुंबईत काही उभे राहायला २०२४ उजाडावे लागले. त्या वर्षीच्या जुलैत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे, सुमारे १६५ कोटी रुपये खर्चाचे रुग्णालय सुरू झाले. रतन टाटा यांना त्याची आस लागण्यामागे त्यांच्या स्वतःच्या कुत्र्याला सांध्याच्या उपचारांसाठी अमेरिकेत मिनेसोटापर्यंत न्यावे लागल्याचा अनुभव होता. दोन्ही संस्थांबद्दल या शहराने कृतज्ञ राहावे. तरीही दोन्हींच्या मुळाशी दात्याचे मन आहे, हे विसरता येत नाही. मधल्या एकशे चाळीस वर्षांत महापालिकांना हे आपले काम आहे असे वाटले नाही. आणि मुंबईला निदान दाते तरी मिळाले. सोलापूर, मालेगाव, लातूर, चंद्रपूर इथल्या माणसाने रात्री दोन वाजता कुठे जायचे?

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचे श्रेणी एक आणि श्रेणी दोनचे दवाखाने गावोगावी आहेत. त्यांची रचना गाय-म्हैस, शेळी-मेंढी, कोंबडी यांच्यासाठी झाली आणि ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने ते योग्यच होते. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरते पथक गोठ्यापर्यंत जावे, अशी योजनाही आहे. या दवाखान्यांत कुत्र्याला नाममात्र शुल्कात तपासतातही. पण मांजरीला भूल द्यायची सोय, लहान प्राण्यांसाठीची तपासणी यंत्रणा, संध्याकाळची वेळ यांची अपेक्षा तिथे करता येत नाही. शहरे वाढली, माणसे फ्लॅटमध्ये गेली, प्राणीही त्यांच्याबरोबर गेले आणि सरकारी पशुवैद्यक मात्र गोठ्याच्या दारातच उभा राहिला.

हा निव्वळ दयेचा विषय असता तर दात्यांवर सोपवून चालले असते. पण रेबीजची लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळपास अटळ असतो, आणि आपल्या देशात हा रोग मुख्यतः कुत्र्यांमार्फत माणसापर्यंत येतो. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचा आराखडा केंद्राने २०२१ मध्ये जाहीर केला. गोव्यात राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेने मिळून वर्षानुवर्षे कुत्र्यांना घरोघरी, रस्तोरस्ती जाऊन लस टोचली आणि माणसांचे रेबीजचे मृत्यू शून्यावर आणून दाखवले. कुत्र्याची लस हे माणसाचे औषध आहे, हे गोव्याने कृतीने सिद्ध केले. पावसाळ्यात मुंबईला छळणाऱ्या लेप्टोचेही तसेच. तो कुत्र्यांनाही होतो, त्यांच्यासाठी लसही आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची आणि नसबंदीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. टाकावीच. पण जबाबदारी टाकायची आणि ती झेपेल अशा दरात पार पाडायची जागाच द्यायची नाही, हा न्याय नव्हे.

त्यासाठी महालक्ष्मीसारखी भव्य इमारत लागत नाही. १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध पेटलेले असताना, मारिया डिकिन यांनी लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत एका तळघरात गरिबांच्या प्राण्यांसाठी मोफत दवाखाना सुरू केला; त्यातून उभी राहिलेली संस्था आजही काम करते. प्रत्येक महापालिकेने एका खोलीपासून आरंभ करावा: लसीकरण, जंतांचे औषध, नसबंदी, प्राथमिक तपासणी, आणि किमान एका ठिकाणी रात्रीची आणीबाणीची सेवा. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ इथे महाविद्यालये आहेत; तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अनुभवासाठी रुग्ण हवेच असतात. केंद्राने मार्च २०२५ मध्ये पशुऔषधी योजनेला मान्यता देऊन स्वस्त जेनेरिक पशुऔषधांसाठी ७५ कोटी रुपये ठेवले. त्या यादीत गुरांच्या औषधांबरोबर कुत्र्या-मांजरांची रोजची औषधे येतील हे राज्याने आग्रहाने पाहावे. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सेवेवर वस्तू व सेवा कर नाही, हे चांगले आहे. पाकीटबंद कुत्र्या-मांजरांच्या खाद्यावर मात्र १८ टक्के आहे. ती चैनीची वस्तू मानण्याचे कारण आता उरलेले नाही.

मालकांनाही काही सांगितले पाहिजे, आणि ते स्पष्टच सांगितले पाहिजे. प्राणी घरी आणण्याआधी दहा-बारा वर्षांचा हिशेब करा. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पग घराघरांत आला. त्याच्या चपट्या नाकामुळे जन्मभर श्वासाचा त्रास होतो आणि तो खर्च जाहिरातीत दिसत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात हस्की पाळणे म्हणजे आजार विकत घेणे आहे. रस्त्यावरचे देशी पिल्लू घ्या. ते या हवेसाठीच घडलेले असते. आणि बिल परवडले नाही म्हणून जनावर दूरच्या रस्त्यावर सोडून येणे हा गुन्हा आहे, जरी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपयेच असला तरी. साठाहून अधिक वर्षे हा आकडा हललेला नाही. उपचारांचा खर्च हजारांत आणि टाकून देण्याची किंमत पन्नास रुपये, अशी व्यवस्था संसदेने आणखी किती काळ चालू ठेवायची?

राज्यात २९ महापालिका आहेत. त्यांतल्या बहुतेक पाळीव कुत्र्यांचे परवाने देतात, त्याचे शुल्क घेतात आणि परवान्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला मागतात. दाखला मागणाऱ्या कार्यालयाने लसही द्यावी, याची तरतूद येत्या अंदाजपत्रकात करायला फार मोठी रक्कम लागणार नाही.