गाडी पळवायचीय? आधी चेन्नईची रेल्वे धरा

चौपदरी रस्ते झाले, पालखी मार्ग रुंद झाला आणि तालुक्यातल्या पोरांना शर्यतीची जागा मिळाली. हप्त्यावर घेतलेली दोनशे सीसीची गाडी, मागं बसलेला दोस्त मोबाईल धरून, आणि रात्री दहानंतर मोकळा रस्ता. पेट्रोल पंपापासून टोलनाक्यापर्यंत कोण आधी, यावर कुणी पाचशे लावतं, कुणी हजार. मग कधीतरी आमच्यासारख्या बातमीदाराला पहाटे फोन येतो आणि दोन ओळींची बातमी जाते, ‘उसाच्या ट्रॉलीला दुचाकीची धडक, युवक ठार’.

त्या बातमीत ‘शर्यत’ हा शब्द नसतो. घरचे तो येऊ देत नाहीत, आणि त्याला कारण आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत शेतकरी कुटुंबातला माणूस अपघातात गेला तर २ लाख रुपये मिळतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण कोणत्या अपघाताला पैसे मिळणार नाहीत याची यादी त्याच शासन निर्णयात आहे, ती फारसं कुणी वाचत नाही. ‘मोटार शर्यतीतील अपघात’ त्या यादीत आहे. गाडीच्या विम्याचा कागद काढून बघा, त्यातही बारीक अक्षरात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. म्हणजे पोरगं गेलं, गाडी गेली, वर हप्ते बापाच्या डोक्यावर.

कायदाही आता पूर्वीचा राहिलेला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सापडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद नाहीतर १० हजार. चालवणारा अठराच्या आतला असेल तर कलम १९९ अ लागतं, आणि ते पोराला सोडून आधी बापाला धरतं. पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. पुंगळी बदलून फटाके वाजवणाऱ्यांसाठीही वेगळं कलम आहे, ते इथं सविस्तर सांगत नाही.

आता नुसतं ‘पोरांनो, हे करू नका’ म्हणून लेख संपवला तर एकही पोरगा ऐकणार नाही. वेगाची हौस काही नवी नाही. आपल्या आजोबांनी बैल पळवले, बंदी आली, कोर्टकचेरी झाली, आणि मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं बैलगाडा शर्यतीला मान्यता दिली. पण परवानगी घेऊन, नियम पाळून. मोटरसायकलच्या शर्यतीचंही तसंच आहे. ती नियमात खेळायची जागा देशात आहे. आपल्या पोरांना फक्त तिचा पत्ता माहीत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, तेव्हा गावोगावच्या मोबाईलवर तिचे व्हिडिओ फिरले. त्यात चेन्नईचा के. वाय. अहमद हा भारतीय पोरगा मोटो३ या छोट्या गटात वाइल्ड कार्डवर उतरला होता, ही गोष्ट मात्र फार कमी जणांनी पाहिली. त्याच्या आधी २०११ मध्ये चेन्नईचाच सरथ कुमार १२५ सीसीच्या जागतिक स्पर्धेत गेला होता. दोघंही चेन्नईचेच का? तिथल्या पाण्यात काही आहे का? तसं काही नाही. ट्रॅक तिथं आहे.

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला इरुंगट्टुकोट्टई इथं ३.७ किलोमीटरचा ट्रॅक १९९० पासून आहे. दुसरा कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला, कारी मोटर स्पीडवे, लांबीला दोन किलोमीटरच्या वर. देशातल्या मोटरसायकल शर्यती वर्षानुवर्षं मुख्यतः याच दोन ठिकाणी होतात. दोन्ही तमिळनाडूत. ज्या पोराच्या गावाशेजारी तालीम असते तो पैलवान होतो, तसलाच हा प्रकार. पुण्यात बालेवाडीला जानेवारी २०२४ मध्ये सुपरक्रॉस झालं, पण तो मातीतला, उड्यांचा खेळ. डांबरी ट्रॅकवरची रेस वेगळी.

बरं, सुरुवात कुठून करायची? इथं आपल्या पोरांची पहिली समजूत अशी की आधी मोठी गाडी पाहिजे. तीन-चार लाखांची गाडी घ्यायची, त्यासाठी बापाच्या मागं लागायचं, एखादा गुंठा विकायला लावायचा. याची काही गरज नाही. नव्या माणसासाठी तिथं ‘नोव्हिस’ नावाचा गट असतो आणि राष्ट्रीय स्पर्धेत त्यात १६५ सीसीपर्यंतच्या गाड्या पळतात. म्हणजे आपल्याकडं दूध घालायला जाणाऱ्याकडं असते तेवढी गाडी. सरळ रस्त्यावर कुणीही मूठ पिळतो, त्यात कसब गाडीचं. वळणात कळतं पोरगा किती पाण्यात आहे. छोट्या गाडीवर वळणातला वेग राखायला शिकलेला पोरगा पुढं मोठ्या गाडीवर टिकतो, उलटं सहसा होत नाही.

आणि काही मालिकांत स्वतःची गाडीही लागत नाही. टीव्हीएसची वन मेक चॅम्पियनशिप १९९४ पासून चालू आहे. त्यात सगळ्यांना एकसारख्या अपाची, गाडी कंपनीची, मेकॅनिक कंपनीचा. नव्या पोरांसाठी निवड फेरी असते. अर्ज करायचा, फी भरायची, तिथं जाऊन अंगातली ताकद आणि ट्रॅकवरची वेळ दाखवायची. ज्यांची वेळ चांगली ते आत, बाकीचे घरी. होंडाची टॅलेंट कप २०१८ मध्ये आली, रॉयल एनफिल्डची कॉन्टिनेंटल जीटी कप २०२१ मध्ये. पोरींनी हेही वाचावं, टीव्हीएसच्या मालिकेत २०१६ पासून मुलींचा वेगळा गट आहे.

स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचं लायसन लागतं. ही देशातल्या मोटर स्पोर्टची संघटना, तिचं कार्यालयही चेन्नईलाच. आरटीओच्या लायसनचा आणि याचा संबंध नाही. अर्ज, डॉक्टरचा दाखला, रक्तगट, आणि अठराच्या आत असेल तर आईबापाची लेखी संमती. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रस्त्यावरची शर्यत घरच्यांच्या नकळत होते, ही बापाच्या सहीशिवाय होतच नाही.

पैशाचं काय ते उघड सांगतो, कारण इथंच बरेच जण मागं फिरतील. गाडी कंपनीची असली तरी अंगावरचं सामान बहुतेक वेळा आपलं लागतं. चामड्याचा अख्खा सूट, घोट्याच्या वर जाणारे बूट, मनगट झाकणारे हातमोजे, पाठीचं संरक्षण, आणि दुहेरी कडीचा पट्टा असलेलं बंद हेल्मेट. नवा बरा सूटच तीस-चाळीस हजारांच्या खाली मिळणं अवघड. जुना मिळतो, रेसिंग करणारी पोरं एकमेकांना विकतात, पण शिवण उसवलेला आणि खूप मोठा असा घेऊ नये. पडल्यावर सैल सूट सरकतो आणि कातडी डांबराला लागते. वर फी, जाणं-येणं, दोन-तीन दिवस राहणं. आपल्याला एक सोय अशी की सोलापूर, कुर्डुवाडीवरून चेन्नईला थेट रेल्वे आहे. तरीही एका निवड फेरीला जाऊन यायचं म्हणजे एका म्हशीचे पैसे धरा. सरकारी नोकरीसारखं पुढं काही मिळेल म्हणून कुणी हे करू नये. या खेळावर घर चालवणारे देशात मोजकेच आहेत.

तिथं शिकवतात काय? आधी झेंडे. पिवळा दिसला की पुढं धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे शर्यत थांबली. निळा म्हणजे मागून जोरात येणारा आहे, त्याला अडवू नको. काळा दाखवला की गुमान पिटमध्ये यायचं. मग ब्रेक कुठं मारायचा, नजर कुठं ठेवायची (पुढच्या चाकावर नाही, वळण संपतं तिथं), टायर गरम होईपर्यंत दम कसा धरायचा. गाडीचे आरसे आणि स्टँड काढतात, ऑईलच्या बोल्टला तार बांधतात, म्हणजे तो सुटून ऑईल ट्रॅकवर सांडायला नको. एकाच्या ढिल्या बोल्टमुळं मागचे चार जण पडतात. जुने रेसर एक-दोन दिवसांचं प्रशिक्षण देतात, ते आधी करून मग निवड फेरीला जाणं शहाणपणाचं.

ट्रॅकवर मरण नाही असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या त्याच ट्रॅकवर बंगळूरूचा १३ वर्षांचा मुलगा शर्यतीत पडला आणि गेला. सूट होता, हेल्मेट होतं, ॲम्ब्युलन्स होती, तरी गेला. इतक्या लहान पोरांना उतरवावं का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि माझ्या मते तो रास्त होता. पण फरक ध्यानात घ्या. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही. गतिरोधक नाही, कुत्रं नाही, बांधावरून रस्त्यावर येणारी म्हैस नाही. ताशी १२० च्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली हेडलाईटच्या उजेडात पन्नास-साठ मीटरवर दिसली, तर हातात दोन सेकंदही नसतात. दिसून, समजून, ब्रेकवर बोट जाईपर्यंत त्यातला एक संपतो.

राहिला प्रश्न आपल्या जिल्ह्याचा. चेन्नईला ट्रॅक होण्याआधी तिथली पोरं शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर शर्यती लावायची, आणि मुंबईतही एके काळी जुहूच्या धावपट्टीवर शर्यती झाल्या. ट्रॅक बांधायला कोट्यवधी लागतात, पण शिकायला अख्खा ट्रॅक लागत नाही. बंद आवार, चांगलं डांबर, कडेला गवताच्या पेंढ्या, चार मार्शल आणि एक ॲम्ब्युलन्स एवढ्यावर वर्षातून दोन वेळा सराव दिवस होऊ शकतो. कलम १८९ नीट वाचलं तर त्यातही राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय घेतलेल्या शर्यतीलाच शिक्षा आहे. संमतीचं दार कायद्यानं ठेवलेलं आहे. बैलगाड्यासाठी आपले सगळे पक्ष एका गाड्यावर बसले होते. यासाठी अजून एकानंही जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मोटरसायकल विकणाऱ्या शोरूमवाल्यांनी पुढाकार घेतला तर काम लवकर होईल, गाड्या तेच विकतात.

तोवर ज्याला खरंच उतरायचं आहे त्यानं चार गोष्टी कराव्यात. एफएमएससीआयच्या संकेतस्थळावर लायसनचा अर्ज आणि वर्षाचं वेळापत्रक असतं, ते स्वतः वाचावं, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर पैसे भरू नयेत. कंपन्यांच्या निवड फेऱ्यांच्या तारखा त्यांच्या अधिकृत पानांवर येतात. व्यायाम आजपासून चालू करावा, कारण पाच-सहा फेऱ्यांत मांड्या आणि हात भरून येतात. आणि घरी सांगावं. सही लागणारच आहे.