पंखा बदला, पण आधी पाणी बघा!

वाशी म्हटलं की होस्टेलमधल्या मुंबईकर मित्रांच्या डोळ्यांसमोर खाडीपूल आणि लोकल येते. मित्रहो, आमची वाशी ती नव्हे! आमची वाशी धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत. तिथं लोकल नाही, जीप आहे. आणि एप्रिल-मे महिन्यात बॉनेट उघडून, हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण काढणारा ड्रायव्हर आमच्याकडे कुठल्याही फाट्यावर दिसतो.

सध्या या दुखण्यावर एक रामबाण उपाय सांगितला जातो. इंजिनवर फिरणारा पंखा काढायचा आणि भंगारातून आणलेले एखाद्या मारुतीचे दोन इलेक्ट्रिक पंखे बसवायचे. "गाडी परत गरम झाली तर नाव बदला," अशी गॅरंटीही मिळते. मी मेकॅनिकलला आहे म्हटल्यावर गावाकडे हमखास विचारतात, "काय इंजिनियर, टाकावं का?" माझं उत्तर असं: टाका, पण हिशोब करून. आणि त्याच्याही आधी रेडिएटरमधलं पाणी बघा.

आधी या उपायाची बाजू घेतो, कारण मूळ कल्पना शंभर टक्के बरोबर आहे. जुन्या जीपमध्ये किंवा अँबॅसिडरमध्ये पंखा पाण्याच्या पंपाच्या पुलीवर असतो आणि बेल्टवर फिरतो. इंजिन जेवढं पळेल तेवढाच तो पळणार. आता बघा, पॅसेंजर भरेपर्यंत जीप आयडलिंगवर उभी आहे, समोरून वारा नाही, आणि नेमका तेव्हा पंखा आळसावलेला. हायवेला सत्तरच्या स्पीडनं गाडी निघाली, समोरून फुकटचा वारा यायला लागला, की हा जिवाच्या आकांतानं फिरणार. म्हणजे भुकेल्याला हात आखडता आणि पोट भरलेल्याला आग्रह. आपल्या मेससारखंच!

शिवाय हा आग्रह महाग पडतो. पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, पण त्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात. समजा ८०० फेऱ्यांना ५० वॅट लागले, तर २४०० फेऱ्यांना २७ पट, म्हणजे १३५० वॅट. जवळजवळ १.८ हॉर्सपॉवर, तीही गरज नसताना. इलेक्ट्रिक पंखा पाणी तापलं की सुरू होतो, निवलं की बंद होतो. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती इलेक्ट्रिक पंखा घेऊनच. इंजिन आडवं, त्यामुळे पुढच्या रेडिएटरसमोर बेल्टवरचा पंखा येतच नाही. आज तर झाडून सगळ्या छोट्या गाड्यांत हीच पद्धत आहे.

मग प्रश्न मिटला का? नाही. कारण बेल्टवरचं ओझं आपण फक्त वायरवर टाकलंय, ते गायब झालेलं नाही.

दोन पंखे प्रत्येकी १० अँपिअर धरा, झाले २०. दोन हेडलाइट ६० वॅटचे, त्यांचे १२ व्होल्टला आणखी १०. वर वायपर, हॉर्न, टेप. जुन्या जीपचा अल्टरनेटर समजा ३५ अँपिअरचा असला, तरी आयडलिंगला तो त्याहून बराच कमी देतो. म्हणजे संध्याकाळी लाइट लावून फाट्यावर उभं राहिलं की उरलेला करंट बॅटरीतून जाणार, आणि सकाळी पॅसेंजर खाली उतरून धक्का मारणार! वायर बारीक असेल तर अजून मजा. वायरचा रेझिस्टन्स नुसता ०.१ ओहम असला तरी १० अँपिअरला एक व्होल्ट वाटेतच संपतो. म्हणून जाड वायर, रिले, फ्यूज आणि पक्कं अर्थिंग हवं. स्विचला थेट जोडलेला पंखा म्हणजे आगीला आमंत्रण.

दुसरा मुद्दा घाटाचा. येरमाळ्याचा घाट भरल्या जीपनं सेकंड गिअरमध्ये चढताना इंजिनच्या फेऱ्या भरपूर असतात, म्हणजे जुना पंखा तिथं पूर्ण ताकदीनं वारा देतो. त्याच्या जागी छोट्या गाडीचा पंखा, तोही रेडिएटर झाकणाऱ्या श्राउडशिवाय बसवला, तर फायद्याऐवजी तोटाच. पारगावला सोलापूर-धुळे हायवेच्या कडेला उभं राहून मालट्रक बघा. बहुतेकांचा पंखा अजून इंजिनवरच फिरतो. ट्रकचे कारखानदार काय अडाणी आहेत? तेवढ्या मोठ्या रेडिएटरला अनेक किलोवॅटचा पंखा लागतो, आणि तेवढी वीज त्यांच्या अल्टरनेटरला झेपणारी नाही. त्यांनी मधला मार्ग काढला, व्हिस्कस क्लच. आत सिलिकॉन तेल, पुढे तापमान ओळखणारी पट्टी. रेडिएटरची हवा तापली तर पंखा इंजिनला धरतो, नाहीतर सैल सुटतो.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बेल्ट तुटला तर चार्जिंगचा लाल दिवा लागतो आणि ड्रायव्हरला कळतं. इलेक्ट्रिक पंख्याचा फ्यूज उडाला तर तो कुणाला सांगत नाही. कळतं तेव्हा हेड गॅस्केट गेलेलं असतं. ज्याचं घर त्या एका जीपवर चालतं, त्याचा अख्खा सीझन त्यात जातो. म्हणून चालू टेंपरेचर काटा आणि पंखा सुरू असल्याचा दिवा, हे दोन्ही नसतील तर पंखा बदलूच नका.

आता पाण्याकडे येतो. माझ्या चुलत्यांच्या जीपला एका गॅरेजनं असेच दोन पंखे बसवून दिले. आठ दिवसांत गाडी पुन्हा उकळली. रेडिएटर उघडला तर निम्म्या नळ्या क्षारानं बुजलेल्या! वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्याचा तो प्रसाद. होस्टेलवर बादलीत टाकायच्या हीटरच्या रॉडवर पांढरी खपली बसते ना, तीच ही. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, या खपलीची जेमतेम एक-दोन. पंखा काम करतो हवेच्या बाजूनं, आणि रोग आहे पाण्याच्या बाजूला. दोन काय, दहा पंखे लावले तरी काय होणार?

"अरे, जिथं प्यायला टँकर लागतो तिथं गाडीला डिस्टिल्ड वॉटर कुठून आणू?" हा प्रश्न रास्त आहे. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपण पाहिलंय. पण गळती नसेल तर रेडिएटर पाणी पीत नाही, तो एकदाच भरायचा असतो. आणि पावसाचं पाणी मुळात मऊ. पहिले एक-दोन पाऊस जाऊ दिल्यावर पत्र्यावरचं पाणी गाळून दोन कॅन भरून ठेवले आणि त्यात कूलंट घातलं, तरी बोअरच्या पाण्यापेक्षा शंभर पटीनं बरं.

आता थोडं आपल्याविषयी. हीट ट्रान्सफरच्या पेपरात आपण हीट एक्स्चेंजरचं गणित पाठ करून सोडवतो, त्यात 'फाउलिंग फॅक्टर' सुद्धा असतो. पण हा फाउलिंग फॅक्टर आपल्याच गावच्या जीपमध्ये बसलाय, हे किती जणांना ठाऊक आहे? मिस्त्री हिशोबाशिवाय पाना चालवतो आणि आपण पान्याशिवाय हिशोब करतो. नुकसान मात्र गाडीवाल्याचं होतं.

म्हणून सरांना एक विनंती. टर्मवर्कच्या एका जर्नल-कॉपीऐवजी सुट्टीत प्रत्येकानं आपल्या गावातली एक गाडी तपासून यावी. लागतं काय? एक इन्फ्रारेड थर्मामीटर आणि एक क्लॅम्प मीटर. इंजिन तापलं की रेडिएटरच्या जाळीवर वीस ठिकाणी तापमान घ्यायचं. गरम जाळीत मध्येच गार पट्टा लागला की तिथल्या नळ्या बंद. मग पंखे, दिवे लावून अल्टरनेटर आणि बॅटरीचा करंट मोजायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. एवढं करून मगच गाडीवाल्याला सांगायचं की पंखा बदल, किंवा आधी रेडिएटर साफ कर. इंजिनियर म्हणून विचारलेल्या प्रश्नाला इंजिनियरसारखं उत्तर द्यायला एवढं तरी करायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.