अरण्यातील संशोधकाचा निवारा

२०१८ च्या व्याघ्रगणनेसाठी देशातील २६,८३८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावण्यात आले. या प्रचंड खटाटोपाची दखल गिनीज बुकानेही घेतली, वाघांचे आकडे जाहीर झाले आणि त्यांवर यथास्थित भाषणेही झाली. तथापि ज्यांनी हे कॅमेरे झाडाझाडांना बांधले, ते तरुण संशोधक, वनरक्षक आणि रोजंदारीवरील वनमजूर रात्री कोठे झोपले, कोणते पाणी प्याले आणि दिव्याची सोय त्यांनी कशी केली, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. वन्यजीवांचा अभ्यास ही दहा-पंधरा दिवसांच्या सहलीची गोष्ट नव्हे. १८८४ नंतर ज्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नव्हता तो वनपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि पुढे मेळघाटातही आढळला. परंतु तो काय खातो, कोणत्या ढोलीत घरटे करतो, त्याची पिल्ले का मरतात, हे कळण्यासाठी माणसाला तेथे ऋतूमागून ऋतू काढावे लागतात. म्हणजेच अरण्यात राहावे लागते. आणि राहावयाचे म्हटले की घर आले.

हे घर विजेच्या तारांवाचून उभे राहावे, याला केवळ पर्यावरणाची हौस एवढेच कारण नाही. अरण्यात नेलेली वीजवाहिनी ही शिकाऱ्याच्या हातात दिलेले शस्त्र ठरते. तारेवर आकडा टाकून तो प्रवाह जनावरांच्या वाटेवर सोडावयाचा, हा प्रकार विदर्भाला नवीन नाही. रानडुकरासाठी लावलेल्या अशा तारेने वाघही मेले आहेत आणि माणसेही. तेव्हा वाघाचा अभ्यास करणाऱ्याच्या खोलीत पंखा फिरावा म्हणून जर खांबांची रांग गाभा क्षेत्रात जाणार असेल, तर तो पंखा फार महाग पडेल.

डिझेलचे जनित्र हा त्यावरचा रूढ उपाय. त्याचा आवाज नि धूर प्राण्यांना दूर लोटतो आणि इंधनाचे पिंप आणण्यासाठी वाहनांची ये-जा वाढते. उरतो तो सूर्य. परंतु सौरपट्ट्या छपरावर ठोकल्या की काम झाले, ही समजूत भाबडी आहे. आधी गरज मोजावी लागते. चार दिवे, दोन काटकसरी पंखे, एक संगणक आणि बॅटऱ्या भारित करण्याची सोय, एवढ्याला दिवसाकाठी एक युनिट किंवा त्याहून थोडी अधिक वीज पुरते. एक किलोवॅटच्या पट्ट्या स्वच्छ उन्हात दिवसाला चार-साडेचार युनिटे सहज देतात. मात्र ‘साहेब येणार’ म्हणून एक वातानुकूलन यंत्र बसवले की हा सारा हिशेब कोलमडतो; ते एकटेच रात्रभरात आठ-दहा युनिटे खाते. मग पट्ट्या वाढतात, बॅटऱ्या वाढतात आणि शेवटी जनित्र येतेच.

बॅटरीची कथा याहून करुण आहे. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य पंचवीस अंशांपलीकडे दर दहा अंशांच्या वाढीला साधारणतः निम्मे होते. मेळघाटच्या सखल भागात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, आणि बॅटरी मात्र पत्र्याच्या खोपटात ठेवलेली असते. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी अधिक टिकते, पण तिलाही सावली हवीच. सबब पहिला खर्च यंत्रावर नव्हे, भिंतीवर आणि छपरावर झाला पाहिजे.

आणि भिंतीचे शहाणपण शोधण्यासाठी फार लांब जावयास नको. कोरकूंची कुडाची, मातीने लिंपलेली, कवेलूंनी शाकारलेली घरे मेळघाटातच आहेत. सेवाग्रामची बापूकुटी वर्ध्याच्या उन्हात १९३० च्या दशकापासून माती, बांबू आणि कवेलूंच्या आधारावर उभी आहे. इंग्रजी अमदानीतील वनविश्रामगृहांचा थाट साहेबी असला तरी उंच छप्पर, रुंद पडव्या आणि झरोके यांनी ती विजेवाचून थंड राहात. लॉरी बेकर यांनी पिथोरागडच्या पहाडात स्थानिक गवंड्यांकडून जे शिकून घेतले, त्याच वृत्तीने पुढे केरळात बांधकाम केले. विटा उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याची त्यांनी रूढ केलेली पद्धत सुमारे चतुर्थांश विटा वाचवते आणि उष्णताही अडवते. धारणी तालुक्यात लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्राने आदिवासी कारागिरांच्या हातून बांबूची घरे उभी करून दाखवली आहेत. हे सारे हाताशी असताना अरण्यात पत्र्याच्या आयत्या खोल्या ट्रकवरून येऊन पडतात, ही लाजिरवाणी गोष्ट म्हटली पाहिजे. भारताने २०१२ मध्ये अंटार्क्टिकात उभारलेल्या ‘भारती’ केंद्रात १३४ मालपेट्या वापरल्या, हे खरे. पण त्यांभोवती भक्कम उष्णतारोधक आवरण आहे आणि बाहेर हिम आहे. तीच पेटी विदर्भाच्या मे महिन्यात नुसती ठेवणे म्हणजे माणसाला भट्टीत झोपवणे होय.

पाण्याचा हिशेबही असाच सरळ आहे. शंभर चौरस मीटरचे छप्पर हजार मिलीमीटर पावसात, गळती वजा जाता, ऐंशी हजार लिटर पाणी देते. चार माणसांना दररोज दोनशे लिटर धरले तर आठ कोरड्या महिन्यांना अठ्ठेचाळीस हजार लिटरची टाकी पुरते. मग ज्या पाणवठ्यावर सांबर येते तेथून पाणी उपसण्याची गरज उरत नाही. ती टाकी झाकलेली मात्र हवी. उघड्या विहिरींत पडून बिबटे कसे जीव गमावतात हे महाराष्ट्राने पुरेसे पाहिले आहे.

तथापि मेळघाटचा नकाशा कोयनेला चालणार नाही. २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात घाटमाथ्यावर वर्षाला पाच-पाच हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टात सूर्यदर्शन दुर्मिळ होते. तेथे मातीची भिंत जांभ्याच्या जोत्यावर उंच चढवावी लागेल, छपराला मोठी वळचण लागेल, आणि विजेसाठी ओढ्याकडे वळावे लागेल. सेकंदाला दहा लिटर पाणी वीस मीटर खाली आणले तर छोटे जनित्र एक किलोवॅटच्या आसपास वीज चोवीस तास देते. अर्थात सगळा ओढा नळीत घालून बेडकांचे घर मोडावयाचे आणि मग बेडकांवर प्रबंध लिहावयाचा, असे होता कामा नये. सार्वजनिक बांधकामाच्या दरपत्रकाला मात्र दोन्ही अरण्ये सारखीच दिसतात.

याहूनही अवघड प्रश्न आहे तो जागेचा. सौरपट्ट्यांना मोकळे आकाश हवे. त्यासाठी झाडे तोडणे हास्यास्पद ठरेल. म्हणून नजर जाते ती उठवलेल्या गावांच्या माळांकडे. मेळघाटातील बोरी, कोहा, कुंड ही गावे वाघासाठी उठली आणि त्यानंतर इतरही उठली. शेते होती तेथे आज गवत आहे, गव्यांचे कळप आहेत. ज्या कोरकूला ‘तुझे कुडाचे घर अरण्याला जड होते’ असे सांगून हलवले, त्याच्याच शेतात काँक्रीटचे संशोधन केंद्र उभे राहिले तर त्याला काय उत्तर देणार? या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही. डायन फॉसी यांनी १९६७ मध्ये रवांडाच्या डोंगरात, गोरिलांच्या अरण्यातच, कारिसोके केंद्र स्थापले. २०२२ मध्ये त्याच कार्याची नवी वास्तू उभी राहिली ती उद्यानाच्या बाहेर, किनिगी येथे, स्थानिक ज्वालामुखी दगडाचा वापर करून. प्रयोगशाळा, ग्रंथालय, पाहुण्यांच्या खोल्या बाहेरच शोभतात. आत हवी ती केवळ चार-सहा माणसांची कुटी. तीही जेथे आधीच पडके नाके किंवा जुनी चौकी आहे तेथेच, आणि उद्या काढून घेतली तर मागे फक्त जोत्याचे दगड राहतील अशी.

त्या कुटीत कायम राहणारा माणूस संशोधक नव्हे, वनरक्षक आणि वनमजूर आहे. प्रबंध पुरा झाला की संशोधक शहरात परततो. वनमजूर तेथेच राहतो. धान्याच्या वासाने उंदीर येतात, उंदरांमागे मण्यार येते आणि जमिनीवर झोपलेल्याला ती चावते. म्हणून उंच ओटा, बंद कोठी, जाळीचे दार आणि खाट यांचा समावेश ‘आवश्यक’ या सदरात व्हावयास हवा. तो बहुधा शिलकी रकमेवर सोडला जातो. दिव्यांचेही तेच. पांढऱ्या झगझगीत दिव्यावर कीटक झेपावतात, त्यांमागे पाली आणि बेडूक येतात. पिवळसर, खाली वळवलेला मंद दिवा पुरतो आणि स्वस्तही पडतो.

बांधकामासाठी पैसा मिळतो, देखभालीसाठी नाही, हे या साऱ्याचे मूळ दुखणे आहे. मातीच्या भिंतीला दरवर्षी लिंपण लागते, कवेलू परतावे लागतात, पट्ट्यांवरील धूळ पुसावी लागते. हे काम बफर क्षेत्रातील माणसांना वर्षभर रोजगार देऊ शकते. पण अंदाजपत्रकात त्यासाठी शीर्षक नसते, म्हणून अभियंता सिमेंट मागतो. आणि उद्घाटनाची कोनशिलाही सिमेंटच्याच भिंतीवर नीट बसते. पुढील वर्षी मेळघाटात किंवा चांदोलीत अशा कुटीची निविदा निघेल तेव्हा तीत किमान दहा वर्षांच्या दुरुस्तीची रक्कम, निकामी बॅटऱ्या परत नेण्याची अट आणि स्थानिक कारागिरांचा वाटा यांचा उल्लेख आहे की नाही, एवढे तरी वनखात्याने निविदेवर सही करण्यापूर्वी पाहावे.